चतुरपंडित भातखंडे

प्रस्तावना

एखादे गाणे ऐकताना आपले मन रमते. काम करता करता आपण ते गुणगुणतो. पण स्वतः एखादी चाल रचावी, असा विचार मनात आला की बहुतेक जण थबकतात. रचना करणे हे केवळ दैवी देणगी लाभलेल्या कलावंतांचे काम आहे, आपल्याला ते कसे जमणार, असे वाटू लागते. सुरुवात कोठून करावी, हेही कळत नाही.

या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या आयुष्यात सापडते, अशा एका मराठी विद्वानाचा परिचय आपण या पाठात करून घेणार आहोत. त्यांचे नाव पंडित विष्णू नारायण भातखंडे. व्यवसायाने ते वकील होते. गायकाच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला नव्हता. तरीही हिंदुस्थानी संगीत शिकण्याची आणि रचण्याची वाट त्यांनी सर्वसामान्य माणसासाठी खुली केली.

वाराणसीतील दूधविनायक, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरात मराठी भाषकांची जुनी वस्ती आहे. मराठी माणसाचे काशीशी असलेले नाते केवळ तीर्थयात्रेचे नाही, ते विद्येचेही आहे. पंडित भातखंडे १९०८ साली काशीस गेले ते संगीताच्या शोधात. पुढे १९१९ साली याच नगरीत अखिल भारतीय संगीत परिषदेचे तिसरे अधिवेशन भरले. त्या परिषदेमागेही त्यांचीच प्रेरणा होती. मुंबईचा एक वकील काशीपर्यंत कसा पोहोचला, ते आता पाहू.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

- पंडित भातखंडे यांच्या जीवनातील प्रमुख घटना क्रमाने सांगणे.
- स्वरमालिका आणि लक्षणगीत यांचा अर्थ स्पष्ट करणे.
- स्वरलिपीची गरज व तिच्या मर्यादा सांगणे.
- स्वतःची छोटी संगीतरचना करण्याच्या पायऱ्या समजून घेणे.

मूळ पाठ

बालपण आणि शिक्षण

विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. तो दिवस गोकुळाष्टमीचा होता. घरची परिस्थिती मध्यम होती, परंतु घरात संगीताची आवड होती. लहानपणी ते बासरी वाजवीत. पुढे त्यांनी वल्लभदास यांच्याकडे सतारीचे शिक्षण घेतले.

त्या काळी सुशिक्षित कुटुंबातील मुलाने संगीताला वाहून घेणे प्रतिष्ठेचे मानले जात नसे. शिक्षण घ्यावे, पदवी मिळवावी आणि नोकरी किंवा वकिली करावी, हाच राजमार्ग होता. विष्णू भातखंडे यांनीही तो पत्करला. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८५ साली ते बी. ए. झाले आणि १८८७ साली त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. काही काळ कराचीत आणि नंतर मुंबईत त्यांनी वकिली केली.

परंतु त्यांचे मन दुसरीकडे गुंतले होते. १८८४ साली, विद्यार्थिदशेतच, ते मुंबईतील ‘गायन उत्तेजक मंडळी’ या संस्थेत दाखल झाले. पारशी समाजातील संगीतप्रेमी मंडळींनी १८७० साली ही संस्था स्थापन केली होती. तेथे नामवंत गायक-वादकांचे गायन-वादन होत असे आणि सभासदांना शिक्षणही मिळत असे. या संस्थेमुळे त्यांच्यासमोर संगीताचे एक विशाल दालन उघडले.

ऐकणे आणि उतरवून घेणे

गायन उत्तेजक मंडळीत रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून भातखंडे यांनी अनेक ध्रुपदे शिकून घेतली. अली हुसेन खाँ यांच्याकडून त्यांना ख्याल मिळाले. शिकताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. कलावंतांकडे विद्येचे मोठे भांडार होते, पण ते सारे त्यांच्या स्मरणात होते. कागदावर फारसे काही नव्हते. एखादा उस्ताद वृद्ध झाला, त्याला योग्य शिष्य लाभला नाही, की त्याच्या मृत्यूबरोबर कितीतरी बंदिशी कायमच्या नाहीशा होत.

दुसरी अडचण अशी होती की, अनेक उस्ताद आपली विद्या घराण्याबाहेर जाऊ देत नसत. त्यात केवळ कृपणता होती असे नाही. बंदिशी हेच त्यांचे धन होते आणि त्यावरच त्यांचा चरितार्थ चालत असे. मात्र त्यामुळे बाहेरच्या जिज्ञासू माणसाला संगीत शिकणे अतिशय कठीण झाले होते. त्यातच एकाच रागाविषयी दोन गायक दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगत. कारण विचारले तर गुरूंनी असेच शिकवले, एवढेच उत्तर मिळे.

भातखंडे यांचा पिंड वकिलाचा होता. पुरावा गोळा करावा, साक्षी तपासाव्यात, मतभेदांचे मूळ शोधावे आणि मगच निर्णय द्यावा, ही सवय त्यांच्या अंगी मुरलेली होती. हीच पद्धत त्यांनी संगीताला लावली. ऐकलेली प्रत्येक बंदिश ते स्वरांसह लिहून ठेवू लागले. जयपूरचे महंमद अली खाँ आणि त्यांचे पुत्र आशिक अली यांच्याकडून त्यांनी शेकडो रचना मिळवल्या. आशिक अली यांचे गायन त्यांनी फोनोग्राफ यंत्रावर ध्वनिमुद्रितही करून घेतले. रामपूर दरबारातील तानसेन परंपरेची विद्या मिळावी म्हणून त्यांनी रामपूरच्या नवाबांचे शिष्यत्व पत्करले. विद्वत्ता असूनही शिष्य होण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

पाठगत प्रश्न १

१. भातखंडे गायन उत्तेजक मंडळीत केव्हा दाखल झाले?
२. अनेक जुन्या बंदिशी नाहीशा का होत?
३. वकिलीच्या कोणत्या सवयी त्यांना संगीताच्या अभ्यासात उपयोगी पडल्या?

दुःख आणि प्रवास

विसाव्या शतकाच्या प्रारंभी भातखंडे यांच्यावर मोठे आघात झाले. १९०० साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले आणि १९०३ साली त्यांची मुलगीही गेली. संसार संपला. चाळिशी ओलांडलेला हा माणूस एकाकी झाला. अशा प्रसंगी कोणीही खचून गेले असते. भातखंडे यांनी मात्र उरलेले आयुष्य संगीताच्या कामी लावले. पुढे काही वर्षांनी त्यांनी वकिलीही सोडून दिली.

१९०४ साली ते दक्षिण भारतात गेले. तेथील संगीतात बहात्तर मेळांची व्यवस्था होती आणि राग शिकवण्याची शिस्तबद्ध पद्धत होती. एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितर यांची भेट झाली आणि व्यंकटमखी यांच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ या सतराव्या शतकातील ग्रंथाचा त्यांना परिचय झाला. दक्षिणेत रागाची लक्षणे गीतामध्ये गुंफण्याची परंपरा होती. तिचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला.

१९०७ साली नागपूर, कलकत्ता, विजयनगरम, हैदराबाद आणि १९०८ साली जबलपूर, अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, उदयपूर असा प्रवास त्यांनी केला. काशी हे तर संगीताचे माहेरघर. ध्रुपद, ख्याल, टप्पा, ठुमरी यांच्या जोडीला चैती आणि कजरीसारखे लोकसंगीताशी जवळीक असलेले प्रकार तेथे नांदत होते. प्रत्येक गावी ते गायकांना, वादकांना आणि शास्त्र जाणणाऱ्या पंडितांना भेटत. मनात प्रश्न आधीच तयार असत. मिळालेली उत्तरे ते रोजनिशीत नोंदवून ठेवीत. ग्रंथालयांतील जुनी हस्तलिखिते पाहत.

या भ्रमंतीत एक गोष्ट त्यांना पटली. जुन्या संस्कृत ग्रंथांत रागांचे जे वर्णन आहे ते आणि प्रत्यक्षात गायले जाणारे राग यांत पुष्कळ अंतर पडले आहे. तेव्हा जे आज गायले जाते, त्याचेच शास्त्र नव्याने लिहिले पाहिजे, असे त्यांनी ठरवले.

स्वतःची रचना : स्वरमालिका आणि लक्षणगीत

शास्त्र ग्रंथांत लिहिले तरी ते सामान्य विद्यार्थ्याच्या गळ्यात कसे उतरावे, हा प्रश्न शिल्लक होताच. येथे भातखंडे रचनाकार म्हणून पुढे आले.

त्यांनी आधी स्वरमालिकेचा आधार घेतला. स्वरमालिका म्हणजे शब्दांविना रचलेले गीत. त्यात केवळ सा, रे, ग, म अशी स्वरांची नावे असतात. मात्र ते स्वर रागाच्या नियमांनुसार आणि तालाच्या मात्रांमध्ये बांधलेले असतात. नवशिक्या माणसाला काव्य सुचण्याची वाट पाहावी लागत नाही. राग आणि ताल एवढीच सामग्री त्याला पुरते.

एक उदाहरण पाहू. भूप रागात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर लागतात. मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात. तीनतालाच्या सोळा मात्रा असतात आणि त्यांचे चार-चार मात्रांचे चार भाग पडतात. आता ही ओळ म्हणून पाहा :

सा रे ग रे । ग प ध प । ग प ग रे । ग रे सा ऽ

सोळा मात्रांत एक लहानसे वाक्य पूर्ण झाले. ‘ऽ’ या चिन्हाच्या जागी आधीचा स्वर लांबवायचा आहे. ही झाली स्थायीची एक ओळ. दुसऱ्या भागात, म्हणजे अंतऱ्यात, गंधार-पंचमापासून वर चढत तार षड्जापर्यंत जावे आणि पुन्हा खाली येऊन स्थायीला मिळावे, अशी सर्वसाधारण रीत आहे. रचनेचा श्रीगणेशा इतका साधा असू शकतो.

परंतु एवढ्याने राग उभा राहतो असे नाही. भूपाचे जे पाच स्वर, तेच पाच स्वर देशकार रागाचेही आहेत. तरीही दोन्ही राग वेगळे आहेत. भूपात गंधार हा प्रमुख स्वर, म्हणजे वादी आहे आणि तो राग रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. देशकारात धैवत वादी आहे आणि तो सकाळी गातात. वरच्या ओळीत आपण गंधारावर पुन्हा पुन्हा आलो, म्हणून तिच्यात भूप दिसतो. धैवतावर मुक्काम वाढवला तर देशकाराची छाया पडू लागेल. म्हणजे रचना करणाऱ्याला कोणते स्वर घ्यायचे हे जसे माहीत हवे, तसे कोठे थांबायचे हेही माहीत हवे.

हे नियम विद्यार्थ्याच्या कायमचे लक्षात राहावेत, यासाठी भातखंडे यांनी लक्षणगीते रचली. रागाचा थाट कोणता, वर्ज्य स्वर कोणते, वादी-संवादी कोणते, गाण्याची वेळ कोणती, ही सारी माहिती गीताच्या शब्दांत असते आणि ते गीत त्याच रागात बांधलेले असते. विद्यार्थी गीत गाऊ लागला की राग आणि त्याचे शास्त्र दोन्ही त्याला एकदमच मिळतात. या रचनांत त्यांनी ‘चतुर’ हे टोपणनाव वापरले. संस्कृत ग्रंथ ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ त्यांनी चतुरपंडित या नावाने लिहिला. स्वतःचे नाव मोठे व्हावे यापेक्षा विद्या पसरावी, याकडेच त्यांचे लक्ष होते.

त्यांच्या या क्रमाकडे नीट पाहा. आधी त्यांनी वर्षानुवर्षे ऐकले. ऐकलेले लिहून घेतले. लिहिलेल्याची तुलना करून नियम शोधले आणि त्यानंतर रचना केली. त्यांच्या रचना परंपरेच्या अभ्यासातून उगवल्या. तसेच त्यांनी कवित्वाचा आव आणला नाही. विद्यार्थ्याची गरज हीच त्यांच्या रचनेची प्रेरणा होती.

पाठगत प्रश्न २

१. स्वरमालिका म्हणजे काय?
२. भूप आणि देशकार या रागांत कोणता फरक आहे?
३. लक्षणगीतातून विद्यार्थ्याला कोणती माहिती मिळते?

स्वरलिपी आणि ग्रंथ

रचना टिकायची तर ती लिहिता आली पाहिजे. यासाठी भातखंडे यांनी सोपी स्वरलिपी वापरात आणली. शुद्ध स्वराला चिन्ह नाही. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकातील स्वराखाली टिंब आणि तार सप्तकातील स्वरावर टिंब. तालाच्या समेला फुलीचे चिन्ह आणि खालीला शून्य. एवढ्या खुणा समजल्या की साधी रचना कोणालाही वाचता येते आणि स्वतःची रचना लिहूनही ठेवता येते.

त्यांनी प्रचारातील रागांची बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी या दहा थाटांत विभागणी केली. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा त्यांचा चार भागांचा ग्रंथ मूळ मराठीत आहे. गुरू आणि शिष्य यांच्या संवादातून त्यात अवघड विषय उलगडला आहे. ‘क्रमिक पुस्तक मालिका’ या सहा भागांत त्यांनी दीड हजाराहून अधिक रचना स्वरलिपीसह प्रसिद्धीस आणल्या. तिचा अखेरचा भाग त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झाला. एकेकाळी ज्या बंदिशींसाठी उस्तादांची मनधरणी करावी लागे, त्या आता पुस्तकाच्या पानांवर सर्वांना उपलब्ध झाल्या.

त्यांच्या कार्यावर टीकाही झाली. सर्व राग दहा थाटांत नीट बसत नाहीत, असा आक्षेप अनेक विद्वानांनी घेतला. मींड, गमक, स्वराचा सूक्ष्म लगाव या गोष्टी कागदावर पूर्णपणे उतरत नाहीत, हेही खरे आहे. स्वरलिपी हा गावाचा नकाशा आहे. नकाशा पाहून वाट सापडते, पण चालावे लागते ते आपल्याच पायांनी. त्यामुळे गुरूची गरज संपत नाही. मात्र ज्याच्यापाशी गुरू नाही, त्याच्या हाती निदान नकाशा तरी आला, हे या कार्याचे मोल आहे.

परिषदा आणि विद्यालये

कलावंत आणि विद्वान यांनी एकत्र बसून विचार करावा, यासाठी भातखंडे यांनी संगीत परिषदांचा पुरस्कार केला. पहिली परिषद १९१६ साली महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्यास झाली. दुसरी १९१८ साली दिल्लीस आणि तिसरी १९१९ साली काशीस झाली. त्यानंतरच्या दोन परिषदा १९२४ आणि १९२५ साली लखनौस भरल्या. जेथे पूर्वी एक घराणे दुसऱ्याला आपली विद्या सांगत नसे, तेथे आता रागांच्या स्वरूपाविषयी खुली चर्चा होऊ लागली.

या विचारमंथनातून संस्था उभ्या राहिल्या. १९१८ साली ग्वाल्हेर येथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. १९२६ साली लखनौ येथे मॅरिस कॉलेज स्थापन झाले. पुढे त्याला भातखंडे यांचेच नाव देण्यात आले आणि आज ते विद्यापीठ आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयातही १९५० साली पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्या नेतृत्वाखाली संगीताचे महाविद्यालय सुरू झाले. घराण्याच्या उंबरठ्याआड असलेली विद्या अशा प्रकारे वर्गात आली. ज्यांच्या घरात संगीताचा वारसा नव्हता, अशा मुलामुलींनाही ती शिकता येऊ लागली.

अखेरची वर्षे

१९३३ साली भातखंडे यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यांचे कार्य मात्र शिष्यांनी पुढे चालवले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे त्यांचे पट्टशिष्य. लखनौच्या महाविद्यालयाची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली आणि ‘सुजान’ या नावाने अनेक बंदिशी रचल्या. रातंजनकरांचे शिष्य दिनकर कायकिणी यांनी ‘दिनरंग’ या नावाने रचना केल्या. गुरूने आखून दिलेल्या वाटेवर पुढच्या पिढ्यांनी स्वतःची गाणी बांधली, हेच भातखंडे यांचे खरे स्मारक होय.

दूधविनायकच्या गल्लीत राहणारे मराठी कुटुंब असो वा महाराष्ट्रातील एखाद्या खेड्यातील शेतकरी, नवे काही रचण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. मात्र त्यासाठी आधी मन लावून ऐकावे लागते, ऐकलेले समजून घ्यावे लागते आणि मग लहानशा ओळीपासून आरंभ करावा लागतो. वयाच्या चाळिशीनंतर, घरात एकटा उरलेला एक वकील हे करू शकला. शिकण्याची वेळ कधीच टळून जात नाही, हा त्यांच्या जीवनाचा संदेश आहे.

आपण काय शिकलो

- भातखंडे यांनी विखुरलेल्या बंदिशी गोळा करून, स्वरलिपीत लिहून जतन केल्या.
- स्वरमालिका व लक्षणगीते रचून त्यांनी रागाचे शास्त्र सुलभ केले.
- रचनेचा क्रम असा : ऐकणे, लिहिणे, नियम समजून घेणे आणि मग स्वतः रचणे.
- परिषदा व विद्यालये यांमुळे संगीतशिक्षण सर्वांसाठी खुले झाले.

शब्दार्थ

- बंदिश – राग व ताल यांत बांधलेली गीतरचना
- चरितार्थ – उदरनिर्वाह
- वर्ज्य – टाकलेला, न वापरायचा
- वादी – रागातील प्रमुख स्वर
- संवादी – वादीच्या खालोखाल महत्त्वाचा स्वर
- थाट – रागांचे वर्गीकरण करण्यासाठी ठरवलेला सात स्वरांचा समूह
- सम – तालाची पहिली मात्रा
- मींड – एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड घसरत जाणे
- पट्टशिष्य – प्रमुख शिष्य

स्वाध्याय

१. भातखंडे यांनी केलेल्या प्रवासाचे वर्णन तुमच्या शब्दांत लिहा.
२. ‘स्वरलिपी हा गावाचा नकाशा आहे’ हे विधान स्पष्ट करा.
३. उस्ताद आपली विद्या घराण्याबाहेर का जाऊ देत नसत? त्यांची बाजू तुम्हाला पटते का? सकारण लिहा.
४. तुमच्या घरातील किंवा गावातील वडीलधाऱ्यांकडून एक ओवी, आरती किंवा लोकगीत ऐका. ते लिहून घ्या. कोठे आवाज चढतो, कोठे थांबतो, याची नोंद करा.
५. भूप रागाच्या पाच स्वरांचा उपयोग करून सोळा मात्रांची एक ओळ स्वतः रचा व म्हणून पाहा.